भूकंपासाठी शहर कसं तपासायचं: एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या वहीतून

एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात जनरेटर बघायला मी उतरले होते. इमारतीचे कॉलम, बीम, जोड हे सगळं आधीच्या दोन दिवसांत तपासून झालं होतं. काम चोख होतं आणि मी समाधानी होते. जनरेटरही नवा होता. पण त्याला डिझेल पुरवणारी टाकी चार लोखंडी पायांवर नुसतीच उभी होती. पायांच्या पट्ट्यांना बोल्टची भोकं होती, बोल्ट नव्हते. मी तळहाताने टाकीला रेटा दिला तर ती डुलली. बॅटऱ्या उघड्या मांडणीवर होत्या आणि पुढे साधी अडवणारी पट्टीही नव्हती. खोलीची किल्ली कुणाकडे असते असं विचारलं, तर ज्या माणसाकडे ती असते तो नदीपलीकडे राहतो असं कळलं. नदीवरचा तो पूल माझ्या वहीत आदल्या आठवड्यातच 'धोक्याचा' म्हणून नोंदलेला होता.

इमारत उभी राहणार होती आणि रुग्णालय बंद पडणार होतं. लॉस एंजेलिसजवळच्या ऑलिव्ह व्ह्यू रुग्णालयाचं हेच झालं होतं. १९७१ च्या भूकंपात नुकतंच बांधलेलं रुग्णालय मोडलं, म्हणून ते अतिशय भक्कम असं पुन्हा बांधलं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात सांगाडा शाबूत राहिला, पण आतले पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं. हे मी शिकलेलं होतं, इतरांना शिकवतही होते. तरी तळघरात उतरेपर्यंत माझी तपासणी 'किती इमारती पडतील' या एका आकड्याभोवती फिरत होती.

आता शहरातल्या प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारते: हादऱ्यानंतर कितव्या तासाला, कितव्या दिवशी तू पुन्हा कामाला लागशील? पुढची सगळी पद्धत या प्रश्नातून आली आहे. तुम्ही महापालिकेत असा, रहिवाशांच्या संघटनेत असा किंवा इंजिनिअरिंग शिकत असा, ही पद्धत वापरता येईल. काही कामांना तज्ज्ञ लागतीलच, ती कुठली ते ओघात सांगते.

आधी भूकंप ठरवा

'मोठा भूकंप झाला तर' एवढ्या मोघम वाक्यावर तपासणी होत नाही. कुठल्या भ्रंशावर (जमिनीखालच्या खडकातल्या भेगेवर), किती परिमाणाचा, किती खोल आणि किती वाजता, हे लिहून काढा. मी नेहमी दोन भूकंप घेते. एक मध्यम, जो एका माणसाच्या आयुष्यात बघायला मिळण्याची बरीच शक्यता आहे. दुसरा मोठा, त्या भागात होऊ शकणाऱ्यांपैकी टोकाचा. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. मध्यम भूकंपात शहराने चार दिवसांत सावरायला हवं, मोठ्यात माणसं जगायला हवीत आणि शहर टिकून राहायला हवं.

परिमाण आणि तीव्रता यांची गल्लत होऊ देऊ नका. परिमाण म्हणजे रिश्टर म्हणून आपण जे बोलतो ते, भूकंपाची एकूण ताकद. ते एका अंकाने वाढलं की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. तीव्रता म्हणजे तुमच्या पायाखाली जमीन किती हलली ते. २०११ साली न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला जो भूकंप झाला त्याचं परिमाण ६.२ च होतं, पण तो उथळ होता आणि शहराला अगदी लागून होता. त्यात १८५ माणसं गेली. पाच महिन्यांपूर्वी त्याच भागात ७.१ चा भूकंप झाला होता, तो शहरापासून लांब होता आणि त्यात इमारत पडून कुणी दगावलं नव्हतं. तपासणीत कामाला येते ती तीव्रता.

वेळ मी मुद्दाम लिहायला लावते. जपानमधल्या कोबे शहराचा भूकंप १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झाला. लोक घरात झोपलेले होते, म्हणून घरांनी जीव घेतले. नेपाळचा २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी झाला, शाळांना सुट्टी होती. तोच शुक्रवारी झाला असता तर काय झालं असतं या विचाराने आजही अंगावर काटा येतो. तुमचा भूकंप पहाटेचा एक आणि शाळा-कचेऱ्या भरलेल्या असतानाचा एक, असे दोन्ही करून बघा.

घड्याळ मांडा

एक मोठा कागद घ्या. आडव्या ओळीत काळ लिहा: पहिला तास, पहिला दिवस, तिसरा दिवस, दुसरा आठवडा, तिसरा महिना, तिसरं वर्ष. उभ्या रांगेत शहराची कामं लिहा: जखमींवर उपचार, आग विझवणं, पिण्याचं पाणी, मैला वाहून नेणं, वीज, फोन, रस्ते, निवारा, शाळा, बाजार, पगार, घरं. आता प्रत्येक कामापुढे ते कधी चालू व्हायला हवं तिथे एक खूण करा आणि आज भूकंप झाला तर खरोखर कधी होईल तिथे दुसरी. दोन खुणांमधलं अंतर हाच तुमचा अहवाल. सॅन फ्रान्सिस्कोतल्या 'स्पर' या शहरनियोजनावर काम करणाऱ्या संस्थेने २००९ च्या सुमाराला अशी तासा-दिवसांची उद्दिष्टं मांडली, तेव्हा एक मुद्दा मला फार पटला. घराला तडे गेले असले, पाणी-वीज नसली, तरी माणसाला स्वतःच्याच घरात सुरक्षितपणे राहता आलं पाहिजे. माणसं घरात राहिली तर छावण्या लहान लागतात, दुकानं उघडतात, शहर रिकामं होत नाही.

पहिली खूण करणं हा लोकांचा निर्णय आहे, इंजिनिअरचा नाही. पाण्याशिवाय किती दिवस चालेल हे घराघरात विचारल्याशिवाय मी तो रकाना भरत नाही. दुसरी खूण करण्यासाठी मात्र पायपीट करावी लागते.

जमीन

पायपिटीची सुरुवात जमिनीपासून करा, कारण एकाच भूकंपात एकाच शहराचे दोन भाग वेगवेगळे हलतात. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीपासून ३५० किलोमीटरहून दूर, समुद्रकिनाऱ्याजवळ भूकंप झाला. इतक्या लांब येईपर्यंत हादरा मंदावायला हवा होता. पण शहराचा मोठा भाग बुजलेल्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवर वसलेला आहे. ती माती भांड्यातल्या दह्यासारखी हलू लागली, एका झोक्याला साधारण दोन सेकंद. इमारतीलाही स्वतःचा झोका असतो. ढोबळ हिशेब असा की मजल्यांची संख्या भागिले दहा, तितके सेकंद. तडे पडून इमारत ढिली झाली की झोका आणखी लांबतो. त्यामुळे साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती मातीच्या तालात सापडल्या आणि सर्वांत जास्त त्याच पडल्या. त्यांच्या शेजारी कित्येक बुटकी, जुनी घरं तशीच उभी होती.

म्हणून जुने नकाशे शोधा. तळी, ओढे, नदीची जुनी पात्रं, भराव घातलेला किनारा, बुजवलेल्या खाणी हे सगळं आजच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवून उतरवा. वस्त्यांच्या नावांतही जुनं पाणी लपलेलं असतं. बोअर मारणाऱ्यांना भेटा. किती फुटांवर मुरूम लागला, किती खाली खडक, पाणी कुठे, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि शंभर बोअरच्या नोंदी एकत्र केल्या की मातीचं बऱ्यापैकी चित्र उभं राहतं. त्यानंतर भूभौतिक तज्ज्ञाकडून वरच्या ३० मीटरमध्ये कंपनलहरी किती वेगाने जातात ते मोजून घ्या. वेग जितका कमी तितकी जमीन मऊ.

सुटी वाळू आणि वर आलेलं भूजल जिथे एकत्र आढळेल तिथे लाल पेन्सिल फिरवा. हादऱ्यात अशी वाळू काही काळ पाण्यासारखी वागते. १९६४ मध्ये जपानमधल्या निगाता शहरात रहिवासी इमारती अख्ख्याच्या अख्ख्या आडव्या कलल्या, भिंती जवळपास शाबूत. क्राइस्टचर्चमध्ये रस्त्यांवर करड्या गाळाचे ढीग आले, जमिनीखालच्या नळांची चाळण झाली आणि शेवटी हजारो घरांचे अख्खे भाग कायमचे मोकळे करावे लागले. तिथल्या घरांचं बांधकाम वाईट नव्हतं. जमीन वाईट होती.

इमारती: गल्लीतून चालत

शहरातल्या सगळ्या इमारती गणिताने तपासणं कुणालाच शक्य नाही. आधी बाहेरून बघून चाळणी लावायची, मग त्यातल्या संशयास्पद इमारती खोलात तपासायच्या. दोघांची जोडी, एक छापील तक्ता, एक कॅमेरा. एका इमारतीला पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. वस्त्यांनुसार नमुना निवडा, नाहीतर चांगल्या रस्त्यावरच्याच इमारती बघितल्या जातात.

पहिला प्रश्न वयाचा. इमारत कुठल्या साली बांधली आणि त्या देशाचा भूकंपाचा बांधकाम-नियम कुठल्या साली कडक झाला? कोबेत १९८१ नंतरच्या नियमांनी बांधलेल्या इमारती जुन्यांपेक्षा कितीतरी चांगल्या टिकल्या. ही तारीख माहीत असेल तर अर्धी चाळणी घरबसल्या होते. उरलेल्या अर्ध्या कामासाठी रस्त्यावर उतरावं लागतं, कारण साल बरोबर असलं तरी काम तसंच झालं असेल याची खात्री नाही. तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर नियम चांगले झाले होते. २०१८ मध्ये विनापरवाना बांधकामं नियमित करणारी सवलत दिली गेली, आणि ६ फेब्रुवारी २०२३ च्या दोन भूकंपांत जुन्या इमारतींबरोबर नव्याही कोसळल्या. त्या देशात ५०,००० हून अधिक माणसं गेली. तेव्हापासून मी मंजूर नकाशा हातात घेऊनच इमारतीसमोर उभी राहते. नकाशात चार मजले आणि डोळ्यांसमोर सहा असतील तर तक्ता तिथेच थांबतो.

मग तळमजला बघा. वर सगळीकडे भिंती आणि खाली फक्त कॉलमवर उभं पार्किंग, किंवा काचा लावलेली दुकानं, अशी इमारत दिसली की मोठी खूण करा. वरचा भाग पेटीसारखा एकसंध हलतो आणि सगळं वाकणं एका तळमजल्याच्या कॉलमवर येतं. २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपात २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या, त्यांत अशा खाली पोकळ असलेल्या इमारती ठळकपणे होत्या. २०१७ मध्ये मेक्सिको सिटीत तेच पुन्हा दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोने अशा जुन्या लाकडी इमारती मजबूत करणं २०१३ मध्ये कायद्याने सक्तीचं केलं. माझ्या मते एखाद्या शहराला एकच गोष्ट करायला पैसे असतील तर त्याने हे तळमजले आधी बांधून घ्यावेत. दोन-चार चौकटींत भिंत किंवा तिरपे लोखंडी आधार दिले तरी फरक पडतो. अर्थात ते कुठे द्यायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच ठरवावं, चुकीच्या कोपऱ्यात दिलेली भिंत इमारतीला पिळते.

बाकी खुणा पटापट: कॉलमला लागून अर्धीच भिंत आणि वर खिडकी (तो उघडा राहिलेला आखूड तुकडा आधी फुटतो), शेजारच्या इमारतीला खेटून बांधलेली भिंत, एल किंवा टी आकाराचा आराखडा, गच्चीवर नंतर चढवलेला मजला किंवा मोठी टाकी, सैल सज्जे आणि कठडे.

आता जवळून बघायचं ते. संशयास्पद इमारतीत मालकाच्या परवानगीने मी एका कॉलमचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर), बीमच्या अगदी खाली, वीतभर फोडून घेते. छिन्नीचे आठ-दहा घाव बसले की आतली सळई दिसते. मी उभ्या सळया मोजते, पण नजर असते ती त्यांना बांधणाऱ्या रिंगांवर. जोडाजवळ रिंगा दाट हव्यात, साधारण १० सेंटीमीटरला एक किंवा त्याहून जवळ. आणि रिंगेचं टोक कॉलमच्या आत, १३५ अंशांत वळलेलं हवं. अनेकदा ते नुसतं काटकोनात मुडपलेलं असतं, कारण तसं वळवायला सोपं जातं. भूकंपात बाहेरचं कव्हर गळून पडलं की काटकोनातलं टोक उलगडतं, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम चेपतो. एका मिस्त्रीला मी पेन्सिलींच्या जुडीला रबर लावून हे दाखवलं होतं. रबर काढून जुडी उभी दाबली, पेन्सिली फाकल्या. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "ताई, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." त्याच्या हाताखाली तीस वर्षांत किती रिंगा वळल्या असतील! म्हणून शहराच्या तपासणीत माझा एक रकाना असतो, सळई बांधणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे. पाच साइटवर जाऊन पाच जणांना विचारायचं.

पाणी, वीज, पूल: एकमेकांत अडकलेले

इमारतींच्या तपासणीत इंजिनिअर रमतात आणि नळांकडे दुर्लक्ष होतं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंपाने जलवाहिन्या तोडल्या आणि शहर तीन दिवस जळत राहिलं. नंतर त्या शहराने आगीसाठी उच्च दाबाचं वेगळं जाळं आणि रस्त्याखाली पाण्याच्या टाक्या बांधल्या. कोबेतही बंबवाल्यांनी पाइप जोडले तेव्हा हायड्रंट (रस्त्यावरचे आगीसाठीचे नळ) कोरडे होते. तिथे वीज साधारण आठवड्यात परतली, पाणी आणि गॅस पूर्ववत व्हायला एप्रिल उजाडला. म्हणजे त्यांच्या घड्याळावर पाण्याची खूण तीन महिन्यांवर पडली.

पाण्यासाठी उगमापासून शेवटच्या नळापर्यंत चाला. कुठे वाहिनी नदी ओलांडते, कुठे लाल पेन्सिलीच्या जमिनीतून जाते, कुठे जुनं ओतीव लोखंड आहे? जमीन ताणली की ठिसूळ नळ आणि पक्के सांधे तुटतात, सरकू शकणारे सांधे टिकतात. व्हॉल्व्ह कागदावर मोजू नका. समोर उभं राहून दहा व्हॉल्व्ह फिरवायला सांगा. मी एकदा दिवसभरात असे दहा फिरवून घेतले. चार गंजून जाम झाले होते आणि एकावर डांबर घातलेलं होतं, तो सापडायलाच तास गेला. फुटलेला भाग वेगळा करता आला नाही तर सगळी टाकी रिकामी होते.

विजेच्या उपकेंद्रात रोहित्र चौथऱ्याला घट्ट बसवलेलं आहे का, बॅटऱ्या बांधलेल्या आहेत का, नियंत्रणकक्षाची जुनी विटांची इमारत टिकेल का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. क्राइस्टचर्चच्या वीजवितरण कंपनीने कितीतरी वर्षं आधी आपली उपकेंद्रं थोडी थोडी मजबूत करत नेली होती, त्याचं चीज २०१० आणि २०११ मध्ये झालं. गॅस असेल तर तो आपोआप बंद होतो का, हे विचारा. जपानमध्ये घरोघरचे मीटर ठराविक तीव्रतेच्या हादऱ्याला स्वतःहून बंद होतात.

यानंतरचं काम बंद खोलीतलं, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त डोळे उघडणारं. पाणी, वीज, फोन, रस्ते, अग्निशमन, रुग्णालयं या सगळ्यांच्या प्रमुखांना एकत्र बसवा. भिंतीवर शहराचा नकाशा लावा. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा: तुम्हाला दुसऱ्या कुणाचं काय लागतं, आणि त्याच्याशिवाय किती तास निघतील? उत्तर मिळालं की एका टाचणीपासून दुसऱ्या टाचणीपर्यंत लोकरीचा धागा बांधा. अशा एका बैठकीत पाणीवाले म्हणाले, वीज गेली तर पंपांना जनरेटर आहेत, डिझेल आठ तासांचं. डिझेल कुठून येणार? शहराबाहेरच्या डेपोतून. रस्तेवाल्यांनी डेपोचा रस्ता त्या धोक्याच्या पुलावरून जातो असं सांगितलं. वीजवाल्यांनी पहिल्या दिवशी वीज येईल असं लिहिलं होतं, पण त्यांच्या दुरुस्ती पथकांचा सगळा समन्वय मोबाइलवर होता. मोबाइल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या काही तासांच्या. संध्याकाळपर्यंत त्या एका पुलाच्या टाचणीवर सात धागे आले. पाण्याची मोठी वाहिनी आणि फायबरची केबलसुद्धा त्याच पुलाच्या पोटाशी बांधलेली निघाली. कुणी एक शब्द बोलेना. त्या दिवशी त्या पुलाचं काम यादीत पहिलं आलं. आकड्यांनी भरलेल्या अहवालाने ते तोपर्यंत झालं नव्हतं.

रुग्णालय, शाळा, आणि शेजारी

रुग्णालयाचं सुरुवातीला सांगितलंच. भुजमध्ये २००१ ला जिल्हा रुग्णालयच कोसळलं, ज्या तासाला ते सगळ्यात जास्त हवं होतं त्याच तासाला. त्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या रुग्णालयाला शिसं-रबराच्या बेअरिंगवर ठेवलं आहे, म्हणजे जमीन हलली तरी वरची इमारत त्या मानाने शांत राहते. तुमच्या शहरात रुग्णालयं तपासताना छत, दिवे, प्राणवायूच्या नळ्या, लिफ्ट, औषधांची कपाटं यांना हात लावून बघा. हलतं ते पडतं, असं धरून चाला.

शाळांना मी पहिला क्रमांक देते. मुलं जगतात म्हणून, आणि शाळा उभी राहिली की तीच निवारा होते म्हणूनही. काठमांडू खोऱ्यात आधी मजबूत केलेल्या शाळा २०१५ मध्ये टिकल्या. ते काम स्थानिक गवंड्यांना शिकवून केलेलं होतं.

आणि शेजारी. कोबेत ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर आलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं, बचावपथकं पोचेपर्यंत बहुमोल तास निघून गेले होते. म्हणून प्रत्येक वस्तीत तीन गोष्टी विचारा. एकटं कोण राहतं आणि ते कुठे झोपतं हे कुणाला माहीत आहे? पहार, जॅक, करवत कुठे आहे? चालत पाच मिनिटांत पोचता येईल अशी मोकळी जागा आहे का, आणि तिचं फाटक रात्री उघडं असतं का? ज्या वस्तीत भाडेकरू रोज बदलतात, नवखे लोक राहतात, तिथे ही उत्तरं येत नाहीत. तशी वस्ती नकाशावर वेगळ्या रंगाने भरा. तिथल्या इमारती चांगल्या असल्या तरी.

सावरणं: इथे बहुतेक तपासण्या थांबतात

तिसऱ्या महिन्याचा आणि तिसऱ्या वर्षाचा रकाना बहुतेक अहवालांत कोरा असतो, आणि मला त्याची मनापासून खंत आहे. हादरा मिनिटभरात संपतो, सावरणं माणसाच्या उमेदीची वर्षं खातं. क्राइस्टचर्चचा मध्यभाग दोन वर्षांहून अधिक काळ घेराबंदीत होता. मधल्या काळात दुकानं, कचेऱ्या, ग्राहक सगळे बाहेरच्या भागांत गेले. कोबेचं बंदर भूकंपाआधी जगातल्या आघाडीच्या कंटेनर बंदरांत होतं. दुरुस्ती झाली, पण दुसऱ्या बंदरांकडे वळलेली जहाजं सगळी परतली नाहीत.

पहिलं तपासायचं ते इमारती बघणारे हात. भूकंपानंतर हजारो लोक एकच प्रश्न विचारतात: मी घरात जाऊ का? १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात हिरवा, पिवळा, लाल अशी कागदांची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरात आली. तुमच्या शहरात असे कागद लावण्याचं प्रशिक्षण घेतलेले किती इंजिनिअर आहेत, ते राहतात कुठे, कायद्याने त्यांना संरक्षण आहे का, बाहेरून आलेल्यांना ओळख कोण देणार? सॅन फ्रान्सिस्कोत इमारतमालक आपला इंजिनिअर आधीच ठरवून ठेवू शकतात, म्हणजे भूकंपानंतर रांगेत थांबावं लागत नाही. हिरव्या कागदाचा अर्थ लोकांना नीट सांगितलेला आहे का, हेही विचारा. क्राइस्टचर्चच्या सीटीव्ही इमारतीला २०१० च्या भूकंपानंतर हिरवा कागद मिळाला होता. फेब्रुवारी २०११ मध्ये तिथे ११५ माणसं गेली. झटपट पाहणी फक्त एवढंच सांगते की या भूकंपाने इमारतीला दिसेल असं मोठं नुकसान केलेलं नाही. इमारत मुळात किती सशक्त आहे ते तिला कळत नाही.

मग कागदपत्रं. जमिनीच्या आणि घरांच्या नोंदी एकाच इमारतीत आहेत का, प्रत दुसऱ्या शहरात आहे का? नोंद हरवली की मालकी सिद्ध होत नाही, मालकी नसली की मदत आणि विमा अडतो. भाडेकरूंसाठी काय नियम आहे? सामायिक इमारत पाडायची की दुरुस्त करायची हे किती जणांच्या सहीने ठरतं? एका सहीसाठी अख्खी इमारत वर्षानुवर्षं अडकलेली मी पाहिली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी रोज खाली येऊन आपल्या खिडकीकडे बघायच्या. कुंडीतलं झाड वाळलेलं होतं, आणि वर जायला परवानगी नव्हती.

राडारोडा कुठे टाकणार ती जागा आजच नकाशावर हवी, शक्यतो दोन. विमा किती घरांना आहे आणि दावे हाताळायची क्षमता किती, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. क्राइस्टचर्चमध्ये विमा भरपूर होता, तरी अनेक कुटुंबांची प्रकरणं वर्षानुवर्षं चालली. तात्पुरती घरं लोकांच्या कामाच्या जागेपासून किती लांब असतील? मुलांची शाळा कोणती? हे आधी ठरलं नाही तर लोक गाव सोडतात, आणि गेलेली माणसं मोजणारा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. तो तुम्ही घाला.

नोंद कशी करायची

शहराला एकच गुण देऊ नका. संयुक्त राष्ट्रांची शहरांसाठीची एक गुणपत्रिका आहे, दहा मुद्द्यांची. सगळ्या खात्यांना एका टेबलाशी आणायला ती चांगली आहे, तेवढ्यासाठी वापरा. पण प्रत्येक खातं स्वतःला गुण देतं तेव्हा ते उदार असतं, आणि सरासरीत तो एक पूल दिसेनासा होतो.

मी वहीत प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहिते. 'प' म्हणजे मी स्वतः पाहिलं, हाताने हलवून किंवा चालवून. 'स' म्हणजे कुणीतरी सांगितलं. 'अ' म्हणजे अंदाज. पहिल्या वर्षी बहुतेक पानं 'स'ने भरलेली असतात आणि त्यात काही गैर नाही. रुग्णालयातल्या जनरेटरची नोंदही तळघरात उतरेपर्यंत 'स'च होती: "जनरेटर आहे, डिझेल पूर्ण भरलेलं." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

दर वर्षी ठराविक आठवड्यात हीच वही घेऊन पुन्हा फिरा. आधी 'स'ची पानं उघडा. त्या टाकीला आता आठ बोल्ट आहेत, बॅटऱ्यांपुढे पट्टी आहे, आणि किल्ली पहारेकऱ्याच्या चौकीत काचेच्या पेटीत टांगलेली आहे. गेल्या खेपेला मी ती मागून घेतली, जिना उतरले, कुलूप उघडलं आणि टाकीला पुन्हा हात लावून बघितला.